एक फ्लॅट, तीन किल्ल्या: रूममेट्सच्या रोलप्लेला कथानक कसं द्यायचं

रोलप्ले म्हणजे प्रत्येकाने एकेक पात्र घ्यायचं आणि आळीपाळीने लिहीत एकच गोष्ट पुढे न्यायची. त्यात रूममेट्सचा रोलप्ले सुरू करणं सगळ्यात सोपं आणि टिकवणं सगळ्यात अवघड. राजवाडा नको, जादूचे नियम नकोत, युद्धाचा नकाशा नको. कॉलेजच्या वयाची तीन-चार मुलं-मुली आणि एक फ्लॅट, झालं. म्हणूनच नवखी मंडळी या विषयाकडे आधी वळतात. पहिल्या सीनमध्ये नवा रूममेट बॅगा घेऊन येतो, बाकीचे हाय-हॅलो करतात, कोणीतरी त्याला खोली दाखवतं आणि सगळे सोफ्यावर येऊन बसतात. पुढे काय, ते कोणालाच माहीत नसतं. मग कोणीतरी पार्टी ठेवतं. पार्टीनंतर लिहिणारे एकेक करून गायब.

इथे कल्पनाशक्ती कमी पडत नाही. सगळी ताकद पात्रांचा भूतकाळ रंगवण्यात जाते आणि घर रिकामंच राहतं. या प्रकारात कथानक निघतं ते वाटून घ्याव्या लागणाऱ्या गोष्टींतून आणि मनात आलं तरी उठून जाता येत नाही या अडचणीतून. म्हणून खालच्या पायऱ्यांचा क्रम नेहमीपेक्षा उलटा आहे. पात्रं तिसऱ्या पायरीवर येतात.

पायरी १: आधी घर बांधा

कागदावर फ्लॅटचा साधा आराखडा काढा. चित्रकला चांगली असायची गरज नाही. खोल्या किती, बाथरूम कुठे, कोणाची भिंत कोणाला लागून, मुख्य दारातून आत आलेला माणूस कोणाच्या दारावरून जातो, एवढं दिसलं की पुरे. मग एक नियम पाळा: माणसांपेक्षा एक गोष्ट कमी ठेवा. चौघांत तीन खोल्या. तिघांत दोन किल्ल्या आणि एक हरवलेली. सगळ्यांना एकच बाथरूम. प्रत्येकाला सगळं मिळालं, तर कोणी कोणाचं दार ठोठावणारच नाही.

आराखडा हा नुसता सोपस्कार नाही. लिओन फेस्टिंगर, स्टॅनली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तिघांनी अमेरिकेतल्या एमआयटीच्या विद्यार्थी-वसाहतीत मैत्री कशी जमते याचा अभ्यास केला होता. तो 1950 मध्ये प्रसिद्ध झाला. कोणाची मैत्री कोणाशी, हे ठरवण्यात आवडीनिवडींपेक्षा दारं किती जवळ आहेत याचा वाटा मोठा निघाला. शेजारच्या दाराशी मैत्री जास्त, आणि जिन्यापाशी राहणाऱ्यांची वरच्या मजल्यावरही ओळख जास्त. तेव्हा ज्या दोन पात्रांना जवळ आणायचंय त्यांची भिंत एक ठेवा. ज्याला एकटं पाडायचंय त्याला पॅसेजच्या टोकाची खोली द्या. पुढच्या अर्ध्या घटना आपोआप सुचतील.

पायरी २: दाराला कडी घाला

नवख्यांच्या रोलप्लेत भांडण झालं की पात्र बॅग भरतं आणि निघून जातं. गोष्ट तिथेच संपते. म्हणून निघून जाणं महाग का पडेल, ते आधीच ठरवा. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे भाडेकरार. अनेक देशांत एकत्र सह्या केलेल्या कराराची जबाबदारी प्रत्येकावर पूर्ण असते. एकाने त्याचा वाटा दिला नाही तर घरमालक तो बाकीच्यांकडून वसूल करू शकतो. म्हणजे कोणी रागाने निघून गेला, तरी त्याच्या रागाचं बिल मागे राहिलेल्यांच्या नावावर फाटतं. करारावर सही कोणाची आहे आणि कोणाची नाही, अनामत कोणी भरली, हे दोन तपशील लिहून ठेवा. ज्याची सही नाही त्याची जागा कच्ची असते, आणि ते त्यालाही ठाऊक असतं.

कराराला शेवटची तारीख द्या. त्या तारखेमुळे गोष्टीला घड्याळ मिळतं. मध्ये परीक्षा, सुट्ट्या, निकाल टाकले की वर्षभराचा सांगाडा तयार.

पायरी ३: पात्र, पण थोडक्यात

मुळात केस-डोळे-उंचीपासून आजोबांच्या स्वभावापर्यंत लांबलचक ओळखपत्र लिहिणं म्हणजे नमनाला घडाभर तेल. रूममेट म्हणून पात्र उभं करायला चार गोष्टी पुरतात.

पहिली, त्याला या घराकडून काय हवंय. शांतता, सोबत, लपायला जागा की फक्त कमी भाडं? दोघांच्या गरजा एकमेकींच्या आड आल्या पाहिजेत. एकीला सोबत हवी आणि दुसरीला शांतता, एवढ्यावर महिनाभर लिहिता येतं.

दुसरी गोष्ट माझ्या विशेष आवडीची. प्रत्येक लेखकाने आपल्या पात्राला विचारायचं, ‘घरातलं किती टक्के काम तू करतोस?’ आणि आकडा लिहून ठेवायचा. मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली यांनी 1979 मध्ये दाखवलं की नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं तर दोघांच्या उत्तरांची बेरीज बहुधा शंभराच्या वर जाते. कोणी मुद्दाम खोटं बोलतं असं नाही. आपण केलेलं काम आपल्याला चटकन आठवतं, दुसऱ्याचं दिसतच नाही. तुमच्या फ्लॅटची बेरीजही शंभराच्या बरीच वर गेली पाहिजे. तिघांनी 50, 45 आणि 40 लिहिलं, तर वरचे 35 टक्के म्हणजे तुमचं पहिलं भांडण. आणि एखाद्याने 15च लिहिलं, तर त्याच्याकडे नीट बघा. तो एकतर प्रामाणिक आहे किंवा त्याला कशाचातरी अपराधीपणा वाटतोय.

तिसरी, झोपेची वेळ. माणसाची झोपायची वेळ वयानुसार सरकत जाते आणि साधारण विशीच्या आसपास सगळ्यात उशिराची असते, असं टिल रोएनेबर्ग आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये मांडलं. तेव्हा कॉलेजच्या मुलांच्या घरात पहाटे पाचला उठणारं एखादं पात्र हमखास वेगळं पडतं. त्याला तसंच वेगळं पडू द्या.

चौथी गोष्ट, पात्राबद्दलचं एक असं काही जे घरातल्या दुसऱ्या एकालाच माहीत आहे. दुसऱ्या एकालाही माहीत नसलेलं गुपित रोलप्लेत फारसं कामाचं नाही. ते बाहेर कोण काढणार?

वय मात्र स्पष्ट लिहा. सगळी पात्रं 18 वर्षांच्या पुढची.

पायरी ४: कथानक निवडा

घर म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच, आणि इथे खऱ्याखुऱ्या भांड्यांपासूनच सुरुवात करता येते. सिंकमध्ये साठलेली भांडी हा विषय क्षुल्लक वाटतो, पण गॅरेट हार्डिन यांनी 1968 मध्ये ज्याला सामाईक मालमत्तेची शोकांतिका म्हटलं, तिचं हे घरगुती रूप आहे. फायदा एकट्याचा, त्रास सगळ्यांचा, म्हणून प्रत्येक जण आणखी एक कप ठेवून जातो. यावर एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवलं की लोक बाहेरच्या हुकमाशिवाय आपसांत नियम बनवून अशी गोष्ट सांभाळूही शकतात. त्यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. गोष्टीला दोन्हींचा उपयोग आहे. आधी सिंक भरू द्या, मग एका पात्राला फ्रिजवर नियमांचा कागद लावू द्या. खरी मजा नियमात नाही. नियम लिहायचा अधिकार हिला दिला कोणी, या प्रश्नात आहे. त्या कागदावर कोण सही करतं, कोण खाली टोमणा लिहितं, कोण गुपचूप फाडतं, यावर तीन-चार सीन सहज होतात.

दुसरं हुकमी कथानक चौथ्या माणसाचं. एकीचा मित्र दोन रात्री राहायला येतो. मग त्याचा टूथब्रश येतो. मग चार्जर. भाडं तो देत नाही, पण बाथरूमच्या रांगेत मात्र असतो. पाहुण्याचा बिऱ्हाडकरू कधी झाला, ते कोणालाच नेमकं सांगता येत नाही, आणि विषय काढायची जबाबदारी प्रत्येक जण दुसऱ्यावर ढकलतो. यात कोणीही वाईट नाही, म्हणून ते लवकर संपत नाही.

वजनदार काही हवं असेल तर भाड्याचे पैसे घ्या. सगळे आपापला वाटा एकाकडे देतात, तो मालकाला पोचवतो. एका महिन्यात तो पोचवत नाही. का, ते त्या लेखकाने आधी ठरवायचं आणि इतरांना ताकास तूर लागू द्यायची नाही: घरी कोणी आजारी, फी थकलेली, की सरळ सरळ उधळपट्टी? मालकाचा फोन दुसऱ्याच रूममेटला येतो, तिथून सुरुवात. हे कथानक विश्वासाचं आहे, हिशेबाचं नाही. आकडेमोडीत अडकलात तर ते मरेल.

नव्या रूममेटची मुलाखत ही कल्पना मला सगळ्यात उपयोगाची वाटते. एक खोली रिकामी आहे, आत राहणाऱ्या तिघांना तीन वेगळ्या प्रकारचा माणूस हवाय, आणि उमेदवार एकामागून एक येतायत. तिघं कोणते प्रश्न विचारतात यावरून त्यांचेच स्वभाव उघडे पडतात. शिवाय गटात नवा लेखक घ्यायचा असेल तर ही त्याची चाचणीही होते, आणि त्याला तसं वाटतही नाही.

काही हलक्या कल्पना भराभर सांगतो. आधीच्या भाडेकरूच्या नावाने पत्रं येत राहतात आणि एक दिवस कोणीतरी त्यातलं एक उघडतं. भिंतीपलीकडून रोज रात्री दबलेल्या आवाजातला फोन ऐकू येतो, आणि ऐकणाऱ्याला तो ऐकू येतोय हे बोलणाऱ्याला माहीत नाही. दोघी एकाच इंटर्नशिपसाठी अर्ज करतात आणि एकीसाठी आलेला फोन दुसरी उचलते. घरातल्या सगळ्यात नावडत्या माणसावर आजारी रूममेटची शुश्रूषा करायची वेळ येते, कारण बाकीचे सुट्टीला गेलेत. एकाने करार संपल्यावर निघायचं ठरवलंय आणि ते चुकीच्या माणसाला सांगितलंय.

प्रेमाचं काय? जवळजवळ प्रत्येक रूममेट-रोलप्ले कधी ना कधी तिकडे वळतो, त्यात वावगं काही नाही. पण ते कथानक म्हणून पहिल्याच दिवशी टेबलावर ठेवू नका. दोन पात्रं एकत्र येणार हे सगळ्यांना आधीच कळलेलं असलं की मधले सीन म्हणजे नुसती वाट बघणं. त्याऐवजी प्रश्न असा ठेवा: मोडलं, तर करार संपेपर्यंत एकाच बाथरूमबाहेर उभं कसं राहायचं? ही भीती दोघांनाही असली की साधा कॉफीचा कपही जपून पुढे केला जातो.

खून, अपहरण, स्मृतिभ्रंश आणि अचानक सापडलेला जुळा भाऊ यांच्यापासून सुरुवातीला लांब राहा. असलं काही आलं की भांडी, भाडं, परीक्षा सगळं एका फटक्यात बिनमहत्त्वाचं होतं आणि तुम्ही कष्टाने बांधलेलं घर वाया जातं. वादळात सगळे घरात अडकले, हा प्रसंग मात्र वर्षातून एकदा चालेल.

कोणतीही कल्पना पक्की करण्याआधी विचारा: हे घडलं तर कोणाचं काय बिघडतं? आणि ते आजच का घडतंय, गेल्या महिन्यात का नाही घडलं? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तुमच्याकडे फक्त परिस्थिती आहे, कथानक अजून नाही.

पायरी ५: लिहिण्याआधी बोला

लेखकांच्या आपसातल्या, पात्राबाहेरच्या या गप्पांना रोलप्लेवाले ओओसी (आउट ऑफ कॅरेक्टर) म्हणतात. किती दिवसांत उत्तर द्यायचं, किती लांब लिहायचं, कोणते विषय नकोत, हे इथे ठरतं. रॉन एडवर्ड्स यांनी रोलप्लेइंग खेळांसाठी मांडलेली रेषा आणि पडदा ही जोडी यासाठी सोयीची आहे. रेषेपलीकडचं गोष्टीत येतच नाही. पडद्याआडचं घडू शकतं, पण सविस्तर लिहायचं नाही, पुढच्या सकाळवर उडी मारायची. नशा, मारहाण, आत्मघाताचे विचार, शरीरसंबंध यांतलं काय रेषेपलीकडे आणि काय पडद्याआड, हे प्रत्येकाने सांगायचं, कारण विचारायचं नाही. ठरवूनही मध्येच काही खुपलं तर? टेबलावरच्या खेळांत जॉन स्टाव्हरोपोलोस यांचं एक्स-कार्ड वापरतात: कार्डाला हात लावला की तो भाग वगळायचा, स्पष्टीकरण मागायचं नाही. लिहिताना ओओसीत नुसतं ‘एक्स’ टाकलं तरी काम होतं.

लिहिणाऱ्यांपैकी कोणी 18 वर्षांखालचं असेल तर प्रेमप्रकरणाचं आणि शरीराचं कथानक घेऊच नका, पात्रांचं वय काहीही असो. आणि स्वतःचा खरा पत्ता, कॉलेजचं नाव, फोन नंबर गोष्टीत वापरू नका, गंमत म्हणूनसुद्धा.

पायरी ६: पहिला सीन

वाईट सुरुवात अशी दिसते:

‘केतन घरी आला. तो खूप दमला होता. निशा त्याला बघून खूश झाली. “काय चाललंय?” तो म्हणाला.’

यावर उत्तर काय येणार? ‘काही नाही.’ शिवाय निशा खूश झाली हे केतनच्या लेखकाने परस्पर ठरवून टाकलं. दुसऱ्याचं पात्र आपणच हलवणं, याला गॉडमॉडिंग म्हणतात, आणि लोक चिडतात ते बहुतेक वेळा यावरूनच.

आता हेच पुन्हा:

‘रात्रीचे पावणेदोन. कुलपाचा आवाज होऊ नये म्हणून केतनने दार खांद्याने रेटून धरलं आणि हळूच लावलं. बूट हातात. स्वयंपाकघरातला दिवा चालू होता. फ्रिजवरच्या कामांच्या कागदावर त्याच्या नावापुढच्या चार चौकटी रिकाम्या होत्या आणि पाचवीत कोणीतरी लाल पेनाने प्रश्नचिन्ह काढलं होतं. “निशा?” तो दबक्या आवाजात म्हणाला. “तूच आहेस ना? उद्या पेपर आहे ना तुझा?” बूट त्याने अजून खाली ठेवले नव्हते.’

निशा काय करतेय, कशी दिसतेय, याला केतनच्या लेखकाने हात लावलेला नाही. पण धरायला चार गोष्टी दिल्या: उशीर, बूट, कागद, पेपर. उत्तर असं येऊ शकतं:

‘निशाने लाल पेनाचं टोपण लावलं. “पेपर उद्या नाही, आज आहे.” तिने पुस्तकातून मान वर केली नाही. “आणि बूट ठेव खाली. ईरा उठली आणि तू कुठे होतास विचारलं, तर मी काय सांगू? मलाच माहीत नाही.”’

प्रश्नचिन्ह निशाचं होतं हे तिने न सांगता कळलं. ईराच्या लेखकाला आत यायला दार मिळालं. आणि केतनला उत्तर देणं भाग पडलं. नाट्यप्रशिक्षणात समोरच्याने दिलेलं स्वीकारून त्यात भर घालायची सवय लावतात, ती हीच. स्वीकारणं म्हणजे पात्राने गोड बोलणं नव्हे. निशा रागावलेली आहे, पण तिच्या लेखकाने केतनची एकही गोष्ट खोडली नाही.

केतन रात्रपाळीचं काम लपवतोय, हे निशाच्या लेखकाने ओओसीत वाचलंय. निशाने वाचलेलं नाही. तिने इथे ‘कामावरून आलास का?’ विचारलं असतं तर ते मेटागेमिंग झालं असतं, आणि गुपित सुटण्याची सगळी गंमत एका वाक्यात खलास.

पायरी ७: चालू ठेवणं

सीन रेंगाळला की नवखे लेखक नवीन घटना शोधतात. बहुतेकदा त्याची गरज नसते. इम्प्रोव्हचे, म्हणजे संहितेशिवाय आयत्या वेळी सुचेल तशा नाट्याचे, शिक्षक कीथ जॉनस्टन नटांना दर वाक्यात कोण वरचढ आणि कोण खालचा हे बघायला लावत. तेच करा. महिनाभर घराचे नियम ठरवणारी ईरा एक दिवस भाड्याचा वाटा उशिरा देते. घटना छोटीशीच, पण वरचढ कोण ते बदललं, आणि आता तिच्याशी बोलताना प्रत्येकाचा सूर वेगळा लागतो.

वेळेवर उडी मारायला लाजू नका. ‘तीन आठवड्यांनंतर, परीक्षेच्या आदल्या रात्री’ एवढं लिहिलं की झालं. सकाळचा प्रत्येक नाश्ता लिहिलाच पाहिजे असा नियम नाही. अर्धवट राहिलेल्या धाग्यांची एक यादी मात्र सगळ्यांना दिसेल अशी ठेवा: न उघडलेलं पत्र, उसना घेतलेला चार्जर, न मागितलेली माफी. सुचेनासं झालं की यादीतला सगळ्यात जुना धागा उचला.

कोणी लेखक गायब झाला तर त्याच्या पात्राला मारू नका. आठवडाभर त्याचं दार बंद दाखवा, मग घरी काहीतरी अडचण निघाली म्हणून त्याला पाठवा आणि त्याच्या वाट्याचं भाडं कोण भरणार हा वाद बाकीच्यांत सुरू करा. महिनाभरात तो परतला तर खोली त्याचीच. नाही परतला तर त्याच्या वस्तू खोक्यात भरण्याचा एक सीन लिहा, खोकं पॅसेजमध्ये ठेवा आणि मुलाखतींची तारीख लावा.